साक्षीला आलात? या, बसा!



वर्तमानपत्रात कोर्टाची बातमी आली की आपण ती आवडीने वाचतो. अमक्या गावच्या अमक्याला दोन वर्षे सक्तमजुरी, इतका दंड, दंड न भरल्यास आणखी महिनाभर कैद. बातमीच्या अगदी तळाला एक ओळ असते : 'सरकार पक्षातर्फे सहायक सरकारी वकील अमुक यांनी काम पाहिले. त्यांना पैरवी हवालदार तमुक यांनी साहाय्य केले.' ही ओळ कुणी वाचत नाही. तोवर वाचणारा कांद्याच्या भावाकडे वळलेला असतो. मी त्या ओळीतला तमुक. पोलीस खात्यातल्या नोकरीची शेवटची बारा वर्षे मी आमच्या तालुक्याच्या कोर्टात पैरवीला काढली आणि २०१४ साली निवृत्त झालो.

पैरवी म्हणजे पाठपुरावा. गुन्हा घडला, फिर्याद झाली, तपास होऊन दोषारोपपत्र कोर्टात गेले, की ठाण्यातले साहेब पुढच्या गुन्ह्याकडे वळतात. त्यांनाही इलाज नसतो. पण खटला तर तिथून पुढे सुरू होतो. मग त्याचे कागद सांभाळायचे कुणी? साक्षीदाराला समन्स पोचले की नाही ते बघायचे कुणी? जप्त केलेली काठी, कुऱ्हाड, मोटर तारखेच्या दिवशी न्यायाधीशांपुढे ठेवायची कुणी? जखम तपासणारे डॉक्टर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले, त्यांचा पत्ता काढायचा कुणी? हे सगळे पैरवीवाल्याने करायचे. तो वकिली शिकलेला नसतो. मी तर बारावी झालेला, तीन एकर कोरडवाहूवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. पण सरकारी वकिलांच्या टेबलाशेजारी बसून बसून कायद्याचे चार शब्द कानावर पडले, ते आज तुमच्या कानावर घालतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फिर्यादी खोलीत आला की विचारतो, 'आमचे वकीलसाहेब कुठायत?' मंडळी, सरकारी वकील फिर्यादीचे नसतात, सरकारचे असतात. पोलिसांनी चालवलेला फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो आणि फिर्यादी हा त्यातला एक साक्षीदार असतो. म्हणून सरकारी वकिलांची फी तुम्ही द्यायची नसते, एक रुपयाही नाही. कुणी 'साहेबांना द्यायचेत' म्हणून मागू लागला तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तुम्हाला स्वतःचा खासगी वकील देता येतो, पण त्याने सरकारी वकिलांच्या सांगण्यानुसारच काम करायचे असते. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने त्याला लेखी युक्तिवादही देता येतो. वकील करायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तर उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते.

हे सरकारी वकील एके काळी पोलीस खात्याच्याच हाताखाली असत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस अधिकाऱ्याने खटला चालवण्याची पद्धत मोडायला सांगितली, तरी आपल्या महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले. शेवटी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला त्यांचे खाते पोलिसांपासून वेगळे करायला सांगितले. कारण उघड आहे. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखालच्या माणसाने त्या तपासातली चूक कशी दाखवायची? मी पैरवीला आलो तेव्हा आमच्या वकीलबाई नव्या होत्या आणि फार कडक होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितले, "हवालदार, आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, असं आपलं काम नाही. खरं काय ते कोर्टापुढं गेलं पाहिजे." मला तेव्हा ते पुस्तकी वाटले होते.

सकाळी साडेदहाच्या आत मी खोली उघडायचो. खोली म्हणजे जिन्यालगतची एक अडगळ, त्यात एक टेबल, दोन लोखंडी कपाटे आणि एक बाकडे. भिंतीवर त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे कोणकोणते खटले आहेत त्याची यादी. एकेका खटल्याचे दप्तर काढायचे आणि पुन्हा एकदा नजरेखालून घालायचे. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्तीचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जखमेचा दाखला, रासायनिक तपासणीचा अहवाल. तुम्हाला वाटेल, यात काय बघायचे? एकदा फिर्यादीत डावा हात मोडल्याचे लिहिले होते आणि दाखल्यात उजवा. हात उजवाच मोडला होता, लिहिणाऱ्याची चूक. पण आरोपीच्या वकिलांना तेवढी फट पुरते. दुसऱ्या एका चोरीत पंचनाम्याची वेळ सकाळी नऊची आणि फिर्याद सव्वादहाची. फिर्याद व्हायच्या आधी चोरीची जागा पोलिसांना दाखवली कुणी? अशा गोष्टी कागदावर टिपून वकीलबाईंपुढे ठेवायच्या, त्या ठाण्याला पत्र लिहायच्या, आणि मी सायकलवर ठाण्यात जाऊन माझ्याच खात्यातल्या लोकांच्या शिव्या खायच्या.

म्हणून सांगतो, फिर्याद देताना ती वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, आणि मगच सही किंवा अंगठा करा. तिची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या आणि सातबाऱ्यासारखी जपून ठेवा. साक्षीदाराच्या जबाबाचे मात्र उलटे आहे. तपासात पोलीस जो जबाब घेतात त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात या दोन्ही गोष्टी तशाच आहेत, आणि तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचे बंधनही पोलिसांवर घातले आहे. कळवले नाही तर जाऊन विचारा. विचारण्यात कसली आली लाज?

आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

पैरवीला येऊन मला वर्षही झाले नव्हते. बांधावरच्या मारामारीचा एक खटला होता. एका म्हाताऱ्याचा हात भावकीतल्याच एकाने खोऱ्याच्या दांड्याने मोडला होता. भावकीतले सगळे साक्षीदार कुणाच्या ना कुणाच्या बाजूचे. त्रयस्थ म्हणावी अशी एकच, शेजारच्या रानात भुईमूग खुरपायला आलेली एक मजूर बाई. तिने दांडा उगारताना पाहिले होते, मारताना पाहिले होते, आणि जबाबात तसे सांगितलेही होते. तिच्यावर खटला उभा होता म्हणा ना.

पहिल्या तारखेला ती कडेवर वर्षाचे मूल घेऊन आली. आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली. बाई परत गेली. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. बाई परत गेली. तिसऱ्या तारखेला बोर्ड लांबलचक होता. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी आमच्या खटल्याचा पुकारा नाही. बाई व्हरांड्यात बसलेली, मूल रडून रडून झोपलेले. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी चार वाजता होती, ती चुकली तर अकरा किलोमीटर पायी. अडीच वाजता मी तिला म्हणालो, "ताई, आज काही तुमचं व्हायचं नाही. जावा तुम्ही, पुढच्या तारखेला बघू." मला वाटले, मी तिच्यावर उपकारच केले.

सव्वाचार वाजता न्यायाधीशांनी पुकारा करायला सांगितला. साक्षीदार कुठे आहे? वकीलबाईंनी माझ्याकडे बघितले. माझी जीभ टाळ्याला चिकटली. रोजनाम्यात लिहिले गेले, 'साक्षीदार गैरहजर.' आधीच्या दोन तारखांना ती आली होती, याची मात्र रोजनाम्यात कुठे नोंद नव्हती. मीच कुणाला सांगितले नव्हते. पुढच्या वेळी तिच्या नावाने जामीनपात्र वॉरंट निघाले. ते घेऊन पोलीस तिच्या वस्तीवर गेले तेव्हा संध्याकाळची वेळ होती, सगळी वस्ती बघत होती. काय केलं हिनं? कुणाचं काय चोरलं?

चौथ्या तारखेला ती आली, तशी माझ्याकडे न बघता थेट कोर्टात जाऊन उभी राहिली. शपथ झाली. वकीलबाईंनी विचारले, त्या दिवशी काय बघितले? बाई म्हणाली, "मला काय ठाव न्हाय. मी खाली मान घालून खुरपत हुते." फितूर म्हणून तिची वेगळी तपासणी झाली, पण ती जागची हलली नाही. दोन महिन्यांनी आरोपी सुटला.

त्या दिवशी मी तिला बाहेर गाठले. म्हटले, ताई, तुम्हाला कुणी दम दिला का? ती म्हणाली, "दम कोन देतंय, दादा? तीन दिस माजी मजुरी बुडली, ती कुनी लिवून घ्येतली का? न आल्याचं तेवडं लिवलं." आणि ती एसटीकडे चालू लागली. म्हातारा तर मला पुढे बाजारात भेटला की रामराम घालायचा. हात कोपरातून वाकडाच राहिला होता. त्याने कधी एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही त्याला काही सांगितले नाही.

वकीलबाईंनी मला बोल लावला नाही. संध्याकाळी त्यांनी कपाटातून संहितेचे पुस्तक काढले आणि एक कलम वाचून दाखवले. साक्षीदार हजर असेल तर त्याची साक्ष घेतल्याशिवाय खटला पुढे ढकलू नये, ढकलायचाच तर तसे खास कारण कोर्टाने लेखी नोंदवावे. जुन्या संहितेचे ते कलम ३०९, नव्या संहितेत ते ३४६ आहे. आणखी एक दाखवले, फिर्यादी आणि साक्षीदारांचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम कोर्टाला करता येतो. ते आता कलम ३५० झाले आहे. दोन्ही गोष्टी त्या बाईच्या हक्काच्या होत्या आणि पुस्तकात छापलेल्या होत्या. वर्षभर ते पुस्तक मी रोज सकाळी फडक्याने पुसत होतो!

दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो आणि तालुक्यातून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांचे वेळापत्रक उतरवून आणले. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. रोज सकाळी साक्षीदार आले की नाव, गाव आणि शेवटची गाडी लिहून घ्यायची. लांबून आलेले, लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे यांची नावे वर. अकरा वाजता वकीलबाई तो कागद घेऊन उभ्या राहायच्या आणि न्यायाधीशांना विनंती करायच्या. बहुतेक न्यायाधीश ऐकत. एक ऐकत नसत, पण त्यांच्यापुढेही निदान 'साक्षीदार हजर' एवढे रोजनाम्यात लिहून घेता येई.

तेव्हा मंडळी, समन्स आले तर घाबरू नका. समन्स म्हणजे अटक नाही, बोलावणे आहे. ते बरोबर घेऊन या. आल्याबरोबर सरकारी वकिलांच्या खोलीत जाऊन 'मी आलोय' म्हणून सांगा. पैरवीवाल्याने घरी जा म्हटले तरी निघू नका. होय, माझ्यासारख्याने म्हटले तरीही! खुद्द सरकारी वकिलांना विचारा, आणि आपली हजेरी नोंदवली आहे ना, याची खात्री करून घ्या. भत्त्यासाठी त्याच दिवशी अर्ज करा. रक्कम फार नसते, पण ती भीक नाही.

साक्षीच्या आधी तुम्ही पोलिसांना दिलेला जबाब तुम्हाला वाचायला मिळतो, किंवा वाचून दाखवतात. दोन-चार वर्षांपूर्वीचे माणूस विसरतोच. आठवण करून देणे वेगळे आणि पढवणे वेगळे. आमच्या वकीलबाई जबाब वाचून दाखवून एवढेच विचारत, 'यातलं काय खरं नाही ते सांगा.' पण गंमत बघा, उलटतपासात आरोपीचे वकील खालच्या आवाजात विचारतात, 'आज सकाळी तुम्हाला जबाब वाचून दाखवला ना?' साक्षीदाराला वाटते, आपली चोरी सापडली. तो म्हणतो, 'नाही, नाही!' आणि तिथेच, नको त्या जागी, एक खोटे बोलून बसतो. अहो, दाखवला असेल तर दाखवला म्हणावे. त्यात गुन्हा काही नाही.

तसेच वेळेचे आणि अंतराचे. गुरे सोडायच्या वेळेला बघितले असेल तर गुरे सोडायच्या वेळेलाच म्हणा. 'आठ वाजून वीस मिनिटांनी' असे ठोकून दिलेत, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, 'घड्याळ होतं का हातात?' एक आजोबा साक्षीत म्हणाले होते, 'बैल हंबरला तर ऐकू यील एवढ्या लांब.' सगळे कोर्ट हसले, पण न्यायाधीशांनी ते तसेच लिहून घेतले आणि पुढे निकालात त्या साक्षीवर भिस्त ठेवली. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणायला काही लागत नाही. साक्षीदारांची संख्याही मोजली जात नाही. खरे बोलणारा एक असला तरी कायद्याला चालतो.

पंच व्हायला बोलावले तर डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नका. ठाण्यात बसून लिहिलेल्या पंचनाम्यावर चहा पिता पिता सही करणारे शहाणे मी पुष्कळ पाहिले. ते पुढे पिंजऱ्यात उभे राहिले की घाम पुसत म्हणतात, 'सही माझी आहे, पण आत काय लिहिलंय ठाऊक नाही.' मग चोर घरी जातो आणि ज्याची मोटर गेली तो कपाळाला हात लावतो.

मोटरीवरून आठवले. चोरीला गेलेला बैल, मोटर, मोटारसायकल पोलिसांना सापडली तर खटला संपेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायचे कारण नाही. २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. नव्या संहितेत तर कोर्टापुढे आलेल्या मालाची चौदा दिवसांत यादी आणि छायाचित्रे करावीत आणि त्यापुढे तीस दिवसांत तो कुणाला द्यायचा ते ठरवावे, असे घातले आहे. मालकीचा कागद जोडून अर्ज करा. सुपूर्तनामा लिहून माल ताब्यात मिळतो. फक्त कोर्टाच्या अटी पाळा, खटला संपेपर्यंत तो विकू नका, आणि बोलावले की हजर करा. बैलाची पावती बाजार समितीतून घेतलेली असेल तर ती अशा वेळी उपयोगी पडते. आपण ती पहिल्याच दिवशी विडी पेटवायला वापरतो!

साक्षीदाराला कुणी दम दिला तर ते गिळून बसू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षणाची योजना मान्य केली. त्या योजनेनुसार संरक्षणाचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो आणि समितीचे सचिवपद जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकिलांकडे असते. म्हणजे पुन्हा वाट त्याच खोलीतून जाते. पहिल्यांदा सरकारी वकिलांना सांगा, पण सांगा.

गेल्या महिन्यात माझे तालुक्याला काम निघाले, म्हणून कोर्टात डोकावलो. खोली तीच, बाकडे नवे. पैरवीला आता एक तरुण पोरगी आहे, ठाण्याकडून आलेली. टेबलावर संगणक आहे, खटल्याची तारीखही आता मोबाइलवर दिसते म्हणे. तिने मला बसायला सांगितले आणि विचारले, "साक्षीला आलात का काका? कुठल्या गावचे?" मी म्हटले, नाही, सहज आलोय. ती कपाट उघडायला उठली, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला माझे जुने वेळापत्रक दिसले. कागद पिवळा पडला होता. चारची गाडी खोडून तिथे तिने निळ्या शाईने लिहिले होते, 'बंद. आता ३.२०.'